माणगावपलीकडची दुबई

आंतरराष्ट्रीय व्यापार या विषयात मी एमबीए केलं. जगातल्या बहुतेक मोठ्या बंदरांची नावं मला पाठ आहेत. कुठून कुठे माल पोचायला किती दिवस लागतात, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पासपोर्टही आहे माझ्याकडे. त्यावर शिक्का मात्र एकही नाही.

विद्यापीठात पहिल्याच तासाला एक सर म्हणाले होते, "इथून बाहेर पडाल तेव्हा अख्खं जग तुमचं ऑफिस असेल." टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे. आज त्या वर्गातला एक जण विमा विकतो, एक मैत्रीण बँकेत कर्जं मंजूर करते, एक जण कस्टमच्या एजंटाकडे फायली घेऊन पळतो आणि मी उरणच्या बाजूला, बंदराजवळच्या ऑफिसात निर्यातीचे कागद तयार करते. काम वाईट नाही. कांदा, द्राक्षं, कोळंबी, फरशा, सगळं माझ्या हाताखालून परदेशी जातं. सहा वाजले की मी खोलीवर जाते.

हे लपवण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण माझी पहिली नोकरी खरोखर दुबईची होती.

मालवाहतुकीच्या एका कंपनीने कॉलेजातूनच माझी निवड केली होती. श्रीवर्धनच्या रस्त्याला लागून आमची बौद्धवाडी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, निम्म्या वाडीला बाराखडी त्यांनीच शिकवलेली. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर त्यांनी उभं राहून माझी बातमी सांगितली. शेजारच्या मोहल्ल्यातून माणसं पिढ्यानपिढ्या आखातात जातात. तिथे कुणी दुबईला निघालं तर कुणी मान वळवूनही बघत नाही. आमच्या वाडीतून जाणारी मी पहिली. जायच्या दिवशी सगळी वाडी एसटी स्टँडवर आली. हार घातले, शाल दिली, फोटो काढले. शेजारच्या काकींनी तर कंडक्टरलाच दम भरला, "नीट ने रं, पोर दुबयला चालली हाय!" तो बिचारा म्हणाला, "मावशी, माझी गाडी पनवेलपतूर हाय."

पनवेलला मैत्रिणीच्या खोलीवर मी तिकिटाची वाट बघत होते. तिकिटाऐवजी दोन ओळींचा मेल आला. भरती थांबवली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मी लगेच बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आत्ताच कुणाला सांगू नको, बाय. दुसरी मिळेल. मिळाली की जाशील, कुणाला कळायचंही नाही." त्यांना ते खरंच वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटत होतं. मग उरणची नोकरी मिळाली. महिने गेले, वर्षं गेली. जिथे गेलेच नव्हते तिथून परत कसं यायचं, हे काही आम्हा बापलेकीला सुचेना.

खोटं सांभाळणं हीसुद्धा एक नोकरीच असते. वाडीतून कुणी फोन केला की घड्याळात बघून दीड तास वजा करायचा, कारण दुबई तेवढी मागे. पाऊस असला की फोन घेऊन ऑफिसच्या आतल्या जिन्यात जायचं, पत्र्यावरचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. वर्षातून एकदा, जयंतीला, चाकांची मोठी बॅग ओढत 'सुट्टीवर' घरी यायचं. खजुराचे डबे मी पनवेलला घ्यायचे. त्यावर दुबईचं नाव छापलेलं असायचं. खजूर बिचारा खरा होता, आलाही आमच्याच बंदरातून होता.

बाकी वर्षभर आम्ही माणगावला भेटायचो. महिन्यातल्या एका रविवारी बाबा 'डोळ्यांच्या डॉक्टरकडे' जायला निघायचे आणि मी इकडून यायची. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल. आईने दिलेली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी ते पिशवीतून काढायचे. मी खाईपर्यंत ते बघत राहायचे आणि स्वतः नुसता चहा घ्यायचे. डोळे त्यांचे अगदी ठणठणीत होते. वाडीत मात्र गुरुजींच्या नजरेची सगळ्यांना काळजी लागलेली. काकी त्यांच्यासाठी शेवग्याचा पाला आणून द्यायच्या.

आईला सगळं माहीत होतं. एकदा ती फोनवर हळूच म्हणाली, "तुझ्या बाबांचा आवाज बसतो गं हल्ली, विहारात." वंदना नेहमी बाबाच सांगायचे, ते पुढे म्हणणार, बाकीचे मागून. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आले की त्यांचा आवाज खाली जायचा, असं आई म्हणाली. मी ते ऐकून घेतलं आणि विषय बदलला. दुसरं काय करणार होते?

शेवटच्या रविवारी मात्र माझा तोल गेला. मी मुळात तापट. भाकरी तशीच बाजूला सारली. "मला घरी यायचंय, बाबा. शनिवारी यावं, रविवारी जावं, चार पोरी येतात तशी. आईच्या हातचं ताटात वाढलेलं खायचंय, पिशवीतलं नाही. तुमच्या तोऱ्यापायी मी किती दिवस हॉटेलात जेवू?"

ते रागावले नाहीत. पेला दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तोरा नाही गं. वाडीतल्या दोन पोरी तुझं बघून कॉलेजात गेल्यात. त्यांचे बाप आधी मला विचारायला आले होते. आता मी काय सांगू त्यांना? तू गेलीच नव्हतीस म्हणून?"

"मी नोकरी करतेय. ते सांगा. पुरत नाही का तेवढं?"

 त्यांनी भाकरी पुन्हा माझ्यापुढे सरकवली. "खा. गाडी येईल."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आईचा फोन आला. बाबांना दम लागतोय, दवाखान्यात ठेवलंय. मी निघते म्हटलं, तर बाबांनी फोन मागून घेतला. श्वास पुरत नव्हता तरी बोलले. "एवढं काही नाही. जयंती तोंडावर आली आहे, नेहमीसारखी तेव्हाच ये. आता मधेच आलीस तर लोक विचारतील."

मी ऐकलं. दातओठ खात ऐकलं, पण ऐकलं. ऑफिसात बसून मी कुणाच्या तरी कोळंबीचे कागद करत राहिले आणि चार तासांवर माझे बाबा श्वासासाठी झगडत होते.

ते गेल्याचं दुपारी कळलं. मी होते तशी निघाले. बॅग नाही, काही नाही. सबंध रस्ता मी रडले कमी आणि संतापले जास्त. माणगाव आलं, ते हॉटेल मागे गेलं, आणि मी ठरवून टाकलं की आज सगळ्या वाडीसमोर खरं सांगायचं. ही दुबई आज संपवायची. ज्यांच्यासाठी सांभाळली तेच राहिले नव्हते.

अंगणात सगळी वाडी बसली होती. बाबांना पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. चष्म्याची रिकामी डबी कुणीतरी उशाशी ठेवली होती. डोळे अधू असल्याचं दाखवायला त्यांनी ती उगीच वागवली होती. आईने मला बघितलं आणि पदर तोंडात धरला. त्या दोन पोरीही पायाशी बसल्या होत्या, कॉलेजच्या सॅक पाठीवर तशाच. त्याही थेट तिकडूनच आल्या असाव्यात.

काकी धावत आल्या. मला मिठीत घेऊन रडत म्हणाल्या, "आलीस गो बाय! इतक्या लांबून! इमान लगेच गावलं व्हय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं, त्यावर उरणचा पत्ता. घाईत काढायचं राहून गेलं होतं. मी ते ओढणीखाली सरकवलं.

"हो काकी," मी म्हणाले. "लगेच मिळालं."

"बापासाठी दुबयवरनं आली बघा पोर," काकी बायकांना सांगू लागल्या. मी बाबांच्या पायांपाशी जाऊन बसले आणि मग मात्र मला रडू आवरेना.

वंदनेची वेळ झाली. पुढे कोण म्हणणार, असं झालं, आणि एका म्हाताऱ्या आजोबांनी माझ्याकडे हात केला. "गुरुजींची लेक म्हणंल." मी हात जोडून उभी राहिले. त्रिशरण म्हटलं. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. मागून सगळी वाडी म्हणत होती.

चौथ्याला माझा आवाज फुटेना. मी बाबांच्या तोंडाकडे बघत तशीच उभी राहिले. थोडा वेळ वाट बघून वाडीनेच ते माझ्याशिवाय म्हणून टाकलं, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता.