पोस्टरवरची देवी

स्टँडजवळच्या नव्या पोस्टरवर नायकाचा चेहरा लालभडक आहे, म्हणजे मारामारी नक्की. जत्रेतल्या तंबू टॉकीजची पोस्टरं मी रंगवायचो, तेव्हा माझा लाल रंग पाहून तीन गावचे बैल उधळायचे. एकदा मारधाडीच्या सिनेमाला बायका येईनात, म्हणून मी कोपऱ्यात तेजोवलयासकट देवी काढली. सिनेमात देवी नव्हतीच. दिवसभर खुरपून आलेली एक बाई चपला काढून पोस्टरच्या पाया पडली आणि आत गेली. खेळ सुटल्यावर मला म्हणाली, "पेंटरदादा, देवी कवा आली? माझा डोळा लागला जणू."

खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "तेव्हाच आली, ताई."

तिनं पोस्टरसमोर उभं राहून स्वतःचे कान धरले.