दिव्याचं वाक्य

मी शिकवण्या घ्यायचे तेव्हा इंग्रजीतल्या क्रियापदांनी माझं डोकं जितकं खाल्लं, तितकं मुलांनीही खाल्लं नसेल. ‘गो’ म्हणजे जाणे, हे पाचवीतलं पोरही सांगतं. त्याच्यापुढे ‘आऊट’ लावलं की मात्र एकाचे चार अर्थ होतात, आणि चारही पाठ करण्याशिवाय इलाज नसतो. घोका, दुसरं काय, असं मी सरळ सांगून टाकायचे. समजावत बसण्याइतका धीर माझ्याकडे नव्हता, आजही नाही.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं असतील. मालवणच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून असलेल्या आमच्या वाडीत माझ्या पडवीत ही शिकवणी भरायची. मुलं गेली की शेजारची एक बाई यायची. तिशीतली, दोनदा दहावीत इंग्रजीत गचकलेली. तिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी. अंगणवाडीत जागा निघणार होती आणि त्यासाठी दहावी पास हवी होती. ती नोकरी लागली की नवऱ्याला वाऱ्यापावसात समुद्रावर पाठवायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. मला तिने हे पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि शिकवणीचे पैसे म्हणून माशांची पिशवी पुढे ठेवली. मी मासे घेतले, पैशांचं नाव काढू दिलं नाही.

नवरा मोठा गमत्या. समुद्रावर निघाला की माझ्या अंगणाच्या दगडी गडग्याशी थांबायचा.

“बाई, हिका जास्त शिकवू नकात. आता माका इंग्लिशमधी शिव्या घालतली!”

मग हात वर करून म्हणायचा, “येतंय हा.” आमच्याकडे ‘जातो’ म्हणून कोणी उंबरा ओलांडत नाही.

‘गो आऊट’ आम्ही गणपतीनंतरच्या एका संध्याकाळी घेतलं. माणूस बाहेर जातो. होडी समुद्रावर जाते. पाणी ओसरतं. एखादा मुलगा एखाद्या मुलीबरोबर फिरतो, तेही ‘गो आऊट’च. यावर ती खुदकन हसली.

“लग्नाआदी? आणि आवस काय म्हणता तिची?”

तिच्या आईचं पुस्तकात काही दिलेलं नाही, असं मी म्हटलं. मग शेवटचं वाक्य आलं. द लॅम्प वेंट आऊट. दिवा विझला. मी म्हटलं, म्हण. मी पुन्हा म्हटलं. तिने वही पुढे ओढली.

“लिवन दितंय, बाई. म्हणूचंय नाय. ते दर्यार आसत.”

नवरा समुद्रावर असेपर्यंत तिच्या घरी देवापुढचा दिवा तेवत ठेवायचे. दिवा विझला हे शब्द तर तिच्या सासरी कधीच काढत नसत. शांत झाला म्हणायचे, तेही हळू आवाजात. हे सगळं मला ठाऊक होतं, माझ्या सासूचीही तीच रीत होती. तरीही माझं डोकं फिरलं. तोंडी परीक्षेत काय परीक्षकाला वही दाखवणार आहेस? आणि हे तर इंग्रजी, त्यात कसला आलाय अपशकुन?

“भाषा खंयचीव आसांदे,” समुद्राकडे बघत ती म्हणाली, “आयकणारो तोच.”

मी पुढचा धडा काढला.

त्याच महिन्यात अचानक वारं सुटलं आणि तिचा नवरा ज्या बोटीवर होता ती उलटली. तिचा दीरही त्याच बोटीवर होता. त्याला दुसऱ्या बोटीने उचलून आणलं. बाकीचेही एक-एक करून सापडले. तिचा नवरा तेवढा सापडला नाही, जिवंत नाही आणि दुसऱ्या रूपातही नाही. पार गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंतचे किनारे लोकांनी पालथे घातले.

आठवडाभराने ती वही घेऊन पडवीत येऊन बसली. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या. मी शिकवलं. ती रोज येत राहिली, आणि तिच्या घरचा दिवा रात्रंदिवस तेवत राहिला. दिवाळीनंतर भाऊबंद बोलू लागले, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घेऊया, किती दिवस त्याला असं अधांतरी ठेवायचं? तिची सासूसुद्धा शेवटी हो म्हणाली. ही तयार होईना.

“येतंय म्हणान गेलेत,” एवढंच ती मला म्हणाली. मला रडू आलं आणि तिच्यासमोर रडल्याचा राग आला.

शिमगा जवळ आला, तोंडी परीक्षाही. एके दिवशी दुपारीच ती आली. वही आणली नव्हती. बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणू लागली. माणूस बाहेर गेला, होडी समुद्रावर गेली, पाणी ओसरलं. तिचे उच्चार कधी नव्हे इतके स्वच्छ होते. मुलामुलीचं वाक्य तिने गाळलं नाही, तेही म्हटलं. मग थांबली. समोर समुद्र होता, तिकडे तिने पाहिलंही नाही.

“द लॅम्प वेंट आऊट.”

तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली,

“सकाळी तेल घालूक नाय मी. उद्या पुतळो करतले.”

मी तिचा हात धरला. बांगड्या अजून होत्या, उद्यापर्यंतच्या. तिने हात सोडवून घेतला नाही.

“बाई,” ती म्हणाली, “वाक्य बरोबर आसा मा?”

एवढ्या वर्षांत कितीतरी मुलांना मी बरोबर म्हटलं असेल, कधी विचारही केला नव्हता. त्या दुपारी तो एक शब्द माझ्या तोंडून निघता निघेना. ती मात्र वाट बघत बसली होती.

“बरोबर आसा,” मी म्हटलं.