अक्काचा टप्पा पास

माझा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. निलंग्याजवळच्या आमच्या गावात त्याचा कुणाला उपयोग नव्हता, पण लातूरच्या शाळेत बास्केटबॉल शिकवणाऱ्या सरांना तो फार आवडला. उंची होती, उडी होती, आणि हातातला चेंडू कुणी हिसकावला तर त्याला सोडायचं नाही अशी खोड होती. एवढ्या भांडवलावर मी खेळाडू कोट्यातून नांदेडला एका सरकारी खात्यात नोकरीला लागले. सकाळ-संध्याकाळ मैदान, मधल्या वेळेत टेबलखुर्ची, आणि वर्षातले काही महिने खात्याच्या संघाबरोबर गावोगाव. व्यावसायिक खेळाडू म्हणजे आमच्याकडे एवढंच. मला मात्र तेव्हा पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटायचं.

संघात चेंडू पुढे आणायचं काम उमरीच्या एका मुलीकडे होतं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, बुटकी, कमी बोलणारी. आमच्या निलंग्याला कर्नाटक जवळ, म्हणून आम्ही मोठ्या बहिणीला अक्का म्हणतो. तिला मी पहिल्या दिवशीच अक्का म्हटलं आणि मग सगळा संघच म्हणायला लागला.

अक्का चेंडू टाकताना माझ्याकडे कधीच बघायची नाही. तिची नजर भलतीकडेच असायची, आणि चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून रिंगच्या शेजारी यायचा, नेमका माझ्या उडीच्या टोकाला. मी फक्त उडायचं आणि हवेतल्या हवेत तो आत ढकलायचा. टाळ्या मला मिळायच्या. तोवर अक्का पाठ फिरवून आपल्या बाजूला पळत सुटलेली असायची.

आमच्या संघात एक रीत होती. सामन्याआधी गुडघ्याला पट्टी बांधायची ती आपली आपण नाही, जोडीदारणीनं बांधायची. स्वतः बांधली की हात वाकडा पडतो आणि पट्टी ढिली राहते. माझी जोडीदारीण अक्का. तिच्या मांडीवर पाय टाकून मी अखंड बडबड करायचे, आणि ती दातात पिन धरून, मान हलवत, वेढ्यावर वेढा देत राहायची.

एकदा सरावात मी डाव्या पायावर वेडीवाकडी उतरले. गुडघ्यात आत काहीतरी सरकलं. संध्याकाळी सूज आली, सकाळी थोडी उतरली. मी कुणाला काही बोलले नाही. पुढच्याच महिन्यात लातूरला स्पर्धा होती आणि वडील, म्हणजे आमचे आप्पा, मला पहिल्यांदाच खेळताना बघायला येणार होते. संघाच्या सरांना कळलं असतं तर त्यांनी मला बाहेर बसवलं असतं. म्हणून मी न्हाणीघरात कडी लावून माझी पट्टी मीच बांधायला लागले. अक्काला म्हटलं, "आता जमतं माझं मला." ती "बरं" म्हणाली.

त्या दिवसापासून वरचा चेंडू बंद झाला. अक्काचा चेंडू आता जमिनीवर टप्पा खाऊन माझ्या पोटाशी यायचा. तो घेऊन वळेपर्यंत दोघी-तिघी अंगावर आलेल्या असायच्या. माझे गुण घटले. सर बाहेरून ओरडायचे, "वर टाक, वर!" अक्का मान हलवायची आणि पुन्हा टप्पाच द्यायची.

लातूरच्या सामन्याला आप्पा सकाळच्या एसटीनं आले. हातात शेंगांची पिशवी, डोक्यावर धुतलेली टोपी, बसले अगदी पुढच्या बाकावर. मी पूर्ण सामनाभर अक्काच्या नावानं ओरडत होते, "वर दे ना!" तिनं एकदाही दिला नाही. आम्ही हरलो. आप्पांनी शेंगा माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "तू लई उंच उडतीस म्हणं न्हवं माय? मला तर कुटं दिसली न्हाई."

मग काय, माझा तोल गेला. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर मी अक्काला म्हटलं, "माझं नाव झालेलं तुला बघवत नाही." ती बुटांच्या नाड्या सोडत होती. "तसं न्हाई गं," एवढंच म्हणाली. माझं एवढ्यावर भागलं नाही. ही मला मुद्दाम चेंडू देत नाही, असं मी सरांनाही जाऊन सांगितलं. सरांनी तिला बाकावर बसवलं. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला.

पुढच्या स्पर्धेत तिच्या जागी नवी मुलगी आली. चांगली होती, सांगितलेलं ऐकणारी. पहिल्याच सामन्यात तिनं मला हवा तसा उंच चेंडू टाकला आणि मी उडाले. खाली आले तेव्हा गुडघ्यातला आवाज शेजारच्या मुलीलाही ऐकू गेला. बाकावरून पहिली धावत आली ती अक्का. माझ्याशी महिनाभर एक शब्द न बोललेली अक्का माझा पाय मांडीवर घेऊन पट्टी सोडत होती, रडत होती, आणि म्हणत होती, "किती ढिली बांधलीस गं, किती ढिली!"

लिगामेंट तुटलं होतं. शस्त्रक्रियेनंतर ती दवाखान्यात आली तेव्हा मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तू माझ्याकडून पट्टी बांधून घ्यायची बंद केलीस, तव्हाच कळलं."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"तुला बसवलं असतं त्यांनी. तुझे आप्पा येणार होते ना."

"निदान मला तरी बोलायचं."

"ऐकली असतीस?"

नसतंच ऐकलं. मी उशीत तोंड खुपसून रडले आणि ती शेजारी बसून मोसंबी सोलत राहिली. नंतर मी सरांना सगळं खरं सांगितलं, पण तोवर नव्या मुलीचा जम बसला होता. अक्काला पहिल्या पाच जणींत पुन्हा जागा मिळाली नाही. माझा खेळ पायानं संपवला, तिचा मी. यावर ती मला आजवर एका शब्दानं बोललेली नाही.

गेल्या हिवाळ्यात लातूरला जुन्या खेळाडूंचा मैत्रीचा सामना ठेवला होता. खोलीत मी सवयीनं स्वतःच पट्टी गुंडाळायला घेतली, थांबले, आणि पाय अक्काच्या मांडीवर टाकला. तिनं चष्मा लावला, पिन दातात धरली. मला बोलायचं खूप होतं, पण त्या दिवशी मी नुसते वेढे मोजले.

खेळ सुरू झाला. आप्पा पुढच्या बाकावर होते, आता काठी टेकून. मी रिंगखाली मोकळी होते. मी हसतच ओरडले, "अक्का, आज तरी वर दे!"

ती भलतीकडे बघत होती. चेंडू टप्पा खाऊन पोटाशी आला. मी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून तो टाकला आणि तो आत गेला. आप्पा काठी सोडून टाळ्या वाजवायला लागले. मी त्यांना ओरडून सांगितलं, "मला नको आप्पा, तिला वाजवा." पण अक्का पाठ फिरवून केव्हाच आपल्या बाजूला पळत सुटली होती.