अनंतदादा आणि वर्तकनगरचं टेबल

फोन आला तेव्हा माझ्या ओठांत बारीक खिळे धरलेले होते. कल्याणच्या एका पार्लरमध्ये पूलच्या, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या, टेबलाला नवीन कापड चढवत होतो. तीन बाजू ठोकून झालेल्या, चौथी हातात ताणून धरलेली. साळवीकाकांचं नाव दिसलं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "बालाजी, अनंत गेला रे. सकाळी आंघोळीला म्हणून आत गेला आणि तिथेच..." पुढे काकांना बोलता येईना. मलाही येईना, तोंडात खिळे. थोड्या वेळाने फोन आपोआप बंद झाला. मी चौथी बाजू ठोकून पूर्ण केली. अर्ध्यात सोडलं तर कापड सैल पडतं, मग सगळंच उकलावं लागतं, हे मला अनंतदादानेच शिकवलेलं. अर्धा तास तरी लागला असेल. मग हत्यारं पिशवीत भरली, मालकाला सांगितलं आणि ठाण्यात कोपरीला दादाच्या घरी गेलो. पोचलो तेव्हा सगळं आटपत आलेलं. मला रडू आलं नाही. दीड महिना होत आला, अजून आलेलं नाही.

अनंत कुवेसकर हे नाव या पुरवणीच्या बऱ्याच वाचकांना माहीत नसेल. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे जिथे पूलचं टेबल आहे, तिथे मात्र ते विचारावं लागत नाही. दुसरी नोकरी नाही, धंदा नाही, फक्त क्यू, म्हणजे खेळायची काठी, हातात धरून ज्याने बावन्नाव्या वर्षापर्यंत घर चालवलं, असा आमच्या भागात मला तरी दुसरा माणूस माहीत नाही. ठाणे जिल्ह्याच्या स्पर्धा, गोवा, सुरत, इंदूर, सगळीकडचे कप कोपरीच्या त्याच्या दोन खोल्यांत कपाटावर, फ्रिजवर, एक तर पिठाच्या डब्यावर ठेवलेला. पण देशपातळीवरच्या मोठ्या स्पर्धेला गेला की पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत परत. दरवेळी. त्यामुळे कोपरीच्या पार्लरमध्ये एक वाद कायमचा चालू असायचा, की दादा नक्की किती भारी आहे?

वाद घालणारे मुख्य दोघं. साळवीकाका, पाणीखात्यातून रिटायर झालेले, रोज चारला यायचे, खेळायचे कमी, बसायचे जास्त. आणि परेश, जागांची दलाली करतो, वयाने माझ्याएवढा. परेश म्हणायचा, "काका, खारेगावचा टोलनाका ओलांडला ना, दादाचा हात गार पडतो. अपने टेबलपे सब उस्ताद." काका चिडायचे. "अरे, सुरतचं टेबल काय त्याच्या घरचं होतं?" "सुरतला कोण होतं खेळायला? कापडाचे व्यापारी!" "तू एक तरी कप आणून दाखव, मग बोल. स्टीलचा चालेल." सगळे हसायचे. शेजारच्या टेबलावर दादा क्यूला चॉक लावत सगळं ऐकत असायचा. एकदा म्हणाला, "परेश, तुझं बरोबर आहे. पण तुझी पाळी आहे, खेळ." राग आलाय का, हे त्याच्या तोंडावरून कधी कळलं नाही. मी दोघांच्या मध्ये बसायचो आणि काहीच बोलायचो नाही. मला खेळातलं तेवढं कळतही नव्हतं. आणि कळलं त्यानंतर तर बोलणं शक्यच नव्हतं... ते पुढे सांगतो.

मी मूळचा हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि इकडे आलो. मानपाड्याला सोफ्याच्या दुकानात कामाला होतो, रेग्झिन चढवायचं काम. अकरा वर्षांपूर्वी कोपरीच्या पार्लरमधल्या खुर्च्या दुरुस्त करायला गेलेलो, तिथे दादा मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी चूक काढणार. तेव्हा मला सगळ्यांबद्दल तसंच वाटायचं, अजूनही वाटतं. त्याने खुर्चीच्या कोपऱ्यावरून नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "एक सुरकुती नाही. टेबलाचं कापड ताणशील?" मी म्हटलं, "साहेब, माझं शिक्षण नाही." तो म्हणाला, "मी कुठे तुला भाषण करायला सांगतोय?"

तिथून पुढचं सगळं त्याचं. पूलच्या टेबलात कापडाखाली तीन जड दगडी पाट्या असतात. त्या एका पातळीत आणायच्या, सांधे मेणाने भरायचे, मग कापड. पातळी बघायच्या नळीतला बुडबुडा वाचायला त्यानेच शिकवलं. त्यावरचे आकडे बघून मी बिचकलो तर म्हणाला, "घाबरतोस काय, बुडबुडा मराठीतच बोलतो. मध्ये थांबला म्हणजे गप्प बस म्हणतो." पाटी केसभर खाली असेल तर तिच्याखाली खेळायच्या पत्त्याचा तुकडा सारायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाट्या बसवल्या की एक रात्र टेबल तसंच उघडं ठेवायचं. वजन बसतं, पाय फरशीवर दबतात. दुसऱ्या दिवशी परत पातळी बघायची, मगच कापड चढवायचं. त्याच्या स्कूटरच्या मागे हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन मी अर्धा ठाणे जिल्हा फिरलो. पहिली दोन वर्षं अहो-जाहो करायचो, ते त्यानेच बंद करायला लावलं. एका दिवाळीला मला गावी जाता आलं नाही, तर मीनावहिनींनी जेवायला बोलावलं. सोलकढी मी पहिल्यांदाच बघितली. वाटलं, पोटाचं औषध दिलंय, म्हणून डोळे मिटून एका दमात संपवली. वहिनींनी परत भरली. तेवढ्यात आईचा फोन आला, तर दादाने तो माझ्या हातातून घेतला आणि तिला सांगितलं, "काळजी करू नका मावशी, तुमच्या बालाजीचा हात सोन्याचा आहे." आई तेच वाक्य अजून गावात सांगते.

सहा वर्षांपूर्वी वर्तकनगरला एक नवीन पार्लर निघालं. तिथलं मोठं टेबल बसवायचं काम मला मिळालं. एकट्याने घेतलेलं माझं पहिलं काम. उद्घाटनाला मालकांनी बंगळुरूहून एक नावाजलेला खेळाडू बोलावलेला, आणि त्याच्याविरुद्ध दादा. आधी नऊ फ्रेम, म्हणजे नऊ डाव, घेईल तो जिंकला. कोपरीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. परेश म्हणाला, "चला, टोलनाका न ओलांडता फैसला होणार." साळवीकाकांनी नवीन शर्ट शिवून घेतला.

टेबलाच्या पाट्या यायला उशीर झाला. मी त्या आदल्या दिवशी दुपारी बसवल्या, बुडबुडा मध्ये आणला. मालक म्हणाले, "आजच कापड होऊन जाऊ दे, उद्या अकराला पाहुणे येतील." सांगायला हवं होतं की रात्रभर उघडं ठेवावं लागतं. तोंडापर्यंत आलं पण बाहेर नाही पडलं. वाटलं, नाही म्हटलं तर म्हणतील, याला जमत नाही, दुसऱ्याला बोलवा. संध्याकाळपर्यंत कापड चढवून मोकळा झालो.

खेळाआधी दादाची एक सवय होती. टेबलाच्या एका टोकाहून एक बॉल अगदी हळू सोडायचा आणि तो थांबेपर्यंत बघत राहायचा. परेश त्याला 'दादाची आरती' म्हणायचा. त्या दिवशी दादा लवकर आला. लोक अजून बाहेर नारळ फोडत होते, आत आम्ही चार-पाचच जण. त्याने बॉल सोडला. लांबच्या टोकाला जाता जाता बॉल हळूच डावीकडे वळला. त्याने परत सोडला, परत वळला. दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.   मग तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकल्या वाकल्या त्याने टेबलाच्या पायाकडे बघून घेतलं. उठला, बंगळुरूच्या पाहुण्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाई, उस छोर पे टेबल बायें खींचता है. हल्का मत खेलना." मी दोन हातांवर होतो म्हणून ऐकलं. दुसऱ्या कुणालाच ऐकू गेलं नाही.

आता जे पूल खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दादाचा सगळा खेळ हलक्या हाताचा. बॉल पॉकेटपर्यंत चालत जाऊन आत बसायचा, धावत नाही. पाहुण्याचा खेळ जोराचा. जोरात मारलेला बॉल उतारावर वळत नाही, हळू मारलेला वळतो. म्हणजे ते टेबल दादाच्या खेळाच्या विरुद्ध होतं. ते दादाने ओळखलं, आणि तरी पाहुण्याला सांगून टाकलं. हळू बॉल पाहुण्यालाही कधीकधी मारावा लागतोच, न सांगता दादा त्याला चार-पाच फ्रेम चाचपडत ठेवू शकला असता.

आठ-आठ झाले. शेवटच्या फ्रेमला काळा बॉल उरला, लांबच्या डाव्या पॉकेटकडे. दादा बराच वेळ वाकून राहिला. टेबल डावीकडे ओढतं म्हणून त्याने नेम जरा उजवा धरला, हे मला मागून दिसत होतं. मारला. आणि बॉल वळलाच नाही. सरळ गेला, पॉकेटच्या ओठावर आपटून परत आला. पाहुण्याने तो टाकला आणि सामना जिंकला.

टाळ्या थांबल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय दादा, टेबल कसं वाटलं?" मी भिंतीला टेकून उभा होतो. दादा क्यूचे दोन भाग सोडवत म्हणाला, "टेबल मस्त आहे. बालाजीचं काम आहे ते. माझाच हात कमी पडला." त्या एका वाक्यावर मला पुढच्या वर्षात ठाणे, कळवा, डोंबिवली मिळून पंधरा-सोळा टेबलांची कामं आली. त्याच एका वाक्यावर परेशने वाद जिंकला. "स्वतःच बोलला ना काका, हात कमी पडला! अब क्या बोलेगा कोई?" साळवीकाका त्यानंतर या विषयावर बोलायचेच बंद झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन. "चल, वर्तकनगर." मालकांना त्याने सांगितलं की पहिल्या खेळानंतर कापड एकदा परत ताणावं लागतं. आम्ही कापड उतरवलं. बुडबुडा सरकलेला. दादाने खिशातून पत्ता काढला, किलवरची तिर्री होती, तिचा तुकडा फाडून स्वतःच्या हाताने पाटीखाली सारला. मला एवढंच विचारलं, "उघडं का नाही ठेवलंस?"

"उद्घाटन होतं दादा."

"मग सांगायचं, परवा करा."

बस. त्यानंतर सहा वर्षांत त्याने तो विषय काढला नाही. मी कितीदा काढायचं ठरवलं. पार्लरमध्ये परेश तेच तेच बोलायचा तेव्हा उठून सांगावं असं वाटायचं, पण हातातलं काम जाईल ही भीती, आणि मग उशीर झाला ही लाज. दादा समोर चॉक लावत बसलेला असायचा. 

दहाव्याच्या दिवशी सगळे परत पार्लरमध्ये बसलेले. परेशच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. तरी म्हणाला, "माणूस म्हणून एक नंबर. प्लेअर म्हणून... आपल्या भागापुरता." साळवीकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "तू त्याच्या जवळचा. तू लिही काहीतरी, शुद्धलेखन मी बघतो." म्हणजे हे सगळ्यांत आधी काकांनाच कळणार आहे. मग वर्तकनगरच्या मालकांना, मग परेशला. काका, तुम्ही सहा वर्षं गप्प बसलात ते माझ्यामुळे.

पण म्हणून दादा जिंकलाच असता, असं मी लिहू शकत नाही. तो शेवटचा बॉल मी हजार वेळा डोळ्यांपुढे आणला आहे. वळला नाही, कारण नेहमीपेक्षा किंचित जोराने मारला गेला. तो जास्तीचा जोर माझ्या टेबलाने मारायला लावला, की दादाचा हात खरंच त्या क्षणी चुकला? मला माहीत नाही. टेबल सरळ असतं तर कळलं असतं. ते कळायची एकच संधी होती आणि ती मी घालवली. दादा किती मोठा खेळाडू होता याचं उत्तर परेशकडेही नाही, काकांकडेही नाही, आणि ते का नाही हे कोपरीत फक्त मला ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात वर्तकनगरच्या त्याच टेबलाचं कापड बदलायला बोलावलं. जुनं उतरवलं, मेण खरवडलं. पाटीखाली किलवरच्या तिर्रीचा तुकडा होता तसाच, कडा पिवळ्या पडलेल्या. नळी ठेवून बघितली, बुडबुडा मध्ये. तुकडा हलवला नाही. मालक दारातून म्हणाले, "बालाजी, आजच चढव कापड, संध्याकाळी मुलं येणार आहेत खेळायला." 

म्हटलं, "आज नाही. सांध्यांत नवीन मेण भरायचंय, रात्रभर उघडं राहू दे. मुलांना उद्या बोलवा."

ते "बरं" म्हणाले. सकाळी लवकर गेलो, परत पातळी बघून कापड चढवलं. मग एका टोकाहून एक बॉल अगदी हळू सोडला आणि तो थांबेपर्यंत बघत उभा राहिलो.