भाचीच्या चार गाई

मोख्वाथी तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होता. सेरोवे गावाच्या पश्चिमेकडच्या गुरांच्या तळांवर त्याच्या शब्दाला मान होता. कुठली गाय गाभण आहे, कुठली उगाच पोट फुगवून उभी आहे, हे तो कुंपणाबाहेरून सांगायचा. त्यामुळे बहीण वारल्यावर तिच्या तेरा गावठी गाई थोरल्या मुलीकडे, ओनालेन्नाकडे आल्या, तेव्हा तिने आधी मामालाच बोलावलं. आमच्याकडे मामाला विचारल्याशिवाय पोरीबाळींचं काही ठरत नाही.

ओनालेन्नाला मांसासाठी गुरं वाढवायची होती. कत्तलखान्याचा ट्रक तळावर यायचा, पण गावठी खोंडं वजनाला हलकी, पाचपाच वर्षं पोसावी लागायची.

"मामा, यांच्यावरच एखादा चांगला वळू सोडावा का?" तिने विचारलं.

"कशाला अर्धवट करायचं? गाईच बदल. परदेशी जातीच्या घे, तांबड्या-पांढऱ्या. दीड वर्षात खोंड ट्रकवर चढतो."

"आणि पाऊस नाही झाला तर?"

"बोअरवेल आहे की तुझी."

हे म्हणताना त्याची नजर तिच्याकडे नव्हती. ती कुंपणातल्या ठिपक्यांच्या गाईवर होती. त्याच्या आईच्या कळपातून चालत आलेल्या वंशाची ती गाय. बहिणीच्या वाट्याला गेली तेव्हापासून त्याच्या मनात ते राहून गेलं होतं. आणि तो खोटंही बोलला नव्हता. बोअरवेल होतीच. फक्त मागच्या एका दुष्काळात एका श्रीमंताच्या कुरणावर अशीच तांबडी-पांढरी जनावरं पाण्याच्या हौदाशेजारी उपाशी मरून पडलेली त्याने स्वतः मोजली होती, ते तो बोलला नाही.

ओनालेन्नाने नऊ गाई विकल्या, नव्या आणल्या. उरलेल्या चार म्हाताऱ्यांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा मोख्वाथी म्हणाला, "राहू देत माझ्याकडे." त्यांत ती ठिपक्यांची होती.

दोन वर्षं झकास गेली. वासरं टम्म झाली. मोख्वाथी लोकांना तळावर नेऊन दाखवायचा, जणू त्यानेच जन्माला घातली होती.

तिसऱ्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. तळाभोवतीचं गवत संपलं. मोख्वाथीच्या गावठी गाई पहाटे निघायच्या, झुडपांचा पाला ओरबाडत दूर जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर यायच्या. ओनालेन्नाच्या गाई हौदापासून हलेनात. गोचिडांनी कासा सडल्या. विकत आणलेली वैरण पुरली नाही. एकेक बसली आणि ओनालेन्ना शेपटाला धरून उठवत राहिली. मोख्वाथीही खांदा लावायला जायचा. त्याला वाटायचं, ही आता बोलेल, शिव्या देईल. ती म्हणायची, "मामा, तुम्ही बसा. तुमची कंबर दुखते."

पावसाळा आला तेव्हा तिच्याकडे एक गाय उरली होती. मोख्वाथीने त्या चारही गाई, झालेल्या कालवडींसकट, तिच्या तळावर हाकत नेल्या. ती रडली. गावभर कौतुक झालं, मामा असावा तर असा.

पुढच्या थंडीत ओनालेन्नाच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. रिवाजाप्रमाणे मामाच्या मानाचं, शिजवलेलं बैलाचं डोकं त्याच्यापुढे आलं. बरोबरीचे म्हातारे भोवती बसले. एकजण म्हणाला, "आपला कळप उचलून भाचीला देणारा माणूस आहे हा. खा रे, तुझा हक्कच आहे."

मोख्वाथीने हातातला घास परत ताटात ठेवला. तो उठला आणि बायका ज्वारीचं पीठ रटरटवत होत्या तिकडे गेला. ओनालेन्ना मोठ्या पातेल्यात लाकडी पळी फिरवत होती.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"दुष्काळात त्या जातीचं काय होतं ते. पाहिलं होतं मी. तू विचारलंस तेव्हा गप्प बसलो. मला आईच्या कळपातल्या वंशाची ती ठिपक्यांची गाय हवी होती."

पळी फिरत राहिली. थांबली असती तर पीठ खाली लागलं असतं. ती म्हणाली, "मागितली असतीत तर दिली असती मी."

"माहीत आहे."

"मग मागितलीत का नाही?"

तो वाकून चुलीतलं लाकूड आत सारू लागला. "जा, मंडळी थांबली आहेत तुमच्यासाठी," ती म्हणाली. तो परत जाऊन बसला, पण जेवला नाही.

त्यानंतर दोन महिने ती त्याच्याकडे फिरकली नाही. मग निरोप आला: वळू बघायला जायचंय, या. बाजारात मोख्वाथीने प्रत्येक जनावराचे खूर पाहिले, दात पाहिले, आणि खोड दिसली की विक्रेत्यासमोरच सांगितली. शेवटी एका मध्यम बांध्याच्या गावठी वळूशी ते थांबले.

"काटक आहे. पण वजन कमी भरेल," तो म्हणाला. "ट्रकवाला नाक मुरडेल."

ओनालेन्नाने ऐकून घेतलं. मग शेजारच्या तळावरचा केबोनांग बरोबर आला होता, त्याच्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

केबोनांगला जनावरातलं फारसं कळत नसे, हे तिघांनाही माहीत होतं. त्याने मान डोलावून मोख्वाथीचंच म्हणणं सावकाश पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे तिने वळू घेतला.

आता तिचा कळप तीसच्या वर गेला आहे. प्रत्येक खरेदीला ती मामाला बोलावते, खुर्ची देते, चहा देते. त्याचं सगळं ऐकून घेते आणि मग आणखी कुणाला तरी विचारते. मोख्वाथी चहाचा कप हातात धरून शेवटपर्यंत बसून राहतो.