बॅटरी वाचवणारा नवरा

माझ्या नवऱ्याच्या फोनची बॅटरी कधी संपत नाही. हे तो लोकांना आपणहून सांगतो. लग्नात सांगतो, बारशात सांगतो, आणि एकदा तर कुणाच्या तरी तेराव्याला शेजारी बसलेल्या गृहस्थाला त्यानं विचारलं होतं की, तुमची संध्याकाळपर्यंत टिकते का? त्या गृहस्थाचे वडील गेले होते. त्यांनी नाही म्हणताच ह्यानं त्यांचा फोन मागून घेतला आणि मागच्या मागे चालणारी सगळी अ‍ॅप्स तिथंच बंद करून दिली. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. हा मात्र घरी येईपर्यंत खूश होता.

ही सवय फोनबरोबर आलेली नाही. माझे सासरे गिरणीत होते. चाळीतल्या एका खोलीत एक दिवा, आणि खोलीत माणूस नसेल तर तो बंद, हा त्यांचा खाक्या. मुलानं तो पुढं कचेरीत नेला. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी निघायचं आणि पंखे बंद करत जायचं, ह्याचा त्याला कोण अभिमान. एकदा खाली माणूस बसलेला असतानाच त्यानं पंखा बंद केला होता. निवृत्त झाल्यावर बंद करायला पंखे उरले नाहीत, तेव्हा त्याच्या हाती स्मार्टफोन आला. माझं नशीब.

रोज दिवेलागणीनंतर जेवणाच्या टेबलावर आमचे दोन्ही फोन शेजारी शेजारी मांडले जातात. चष्मा पुसला जातो. मग एकेक अ‍ॅप बोटानं वर ढकलून उडवायचं. बॅटरी सेव्हर चालू आहे ना, डेटा सेव्हर चालू आहे ना, बघायचं. मग सेटिंगमध्ये जाऊन कुणी किती बॅटरी खाल्ली ते मोठ्यानं वाचायचं, आणि ज्यानं जास्त खाल्ली त्याला फोर्स स्टॉप. देवासमोर हा माणूस इतका वेळ बसत नाही. असं सारखं बंद करून काही वाचत नाही, पुन्हा उघडताना उलट बॅटरी जास्तच खर्च होते, असं मी कुठंतरी वाचलं होतं, ते सांगून पाहिलं. तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाला, तू भाजी बघ.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. वन्सं म्हणजे ह्याची थोरली बहीण, वाकोल्याला राहते. यजमान गेल्यापासून एकटीच असते. ह्याला तिनं अंगाखांद्यावर वाढवलेलं. पण काही वर्षांपूर्वी ह्यानं गावचा गणपती मुंबईला आणला. गावी, मालवणच्या बाजूला, घराला वर्षभर कुलूप. प्रवासाची दगदग, पाय दुखतात, इथं दिंडोशीच्या फ्लॅटमध्ये दीड दिवस बसवू, असं ह्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं ते करून टाकलं. बहिणीला विचारलं नाही, नुसतं कळवलं. ज्या घरात चार पिढ्या गणपती बसला ते घर चतुर्थीला अंधारात, हे तिला सोसलं नाही. तिनं एकच केलं. गणपती ज्या लाकडी पाटावर बसायचा तो फणसाचा जुना पाट गावाहून उचलून स्वतःकडे नेला आणि सांगितलं की, पाट गावच्या गणपतीचा आहे, तुझ्या फ्लॅटमधल्याचा नाही. तेव्हापासून ती आमच्याकडे आली नाही, आणि भाऊबीजेला तू येऊ नकोस असंही तिनं कळवलं. आमचा गणपती सनमायकाच्या चौरंगावर बसतो. दर वर्षी तो चौरंग पुसताना ह्याचं तोंड उतरतं, पण चूक झाली म्हणायला जीभ रेटत नाही.

दर भाऊबीजेला सकाळी आंघोळ करून हा नवा सदरा घालून हॉलमध्ये बसतो. विचारलं तर म्हणतो, दिवाळी आहे. दुपार टळली की सदरा काढून ठेवतो. मला ह्या माणसाचा कितीही राग आला तरी तो सदरा काढतानाचा ह्याचा चेहरा मला बघवत नाही, हे इथंच सांगून टाकते.

आमच्या सोसायटीची कमिटी म्हणजे ह्याच्याच जातकुळीतली निवृत्त मंडळी. दिवस जात नाही म्हणून नियम काढतात. त्यांनी इंटरकॉम उपटून टाकला आणि गेटसाठी अ‍ॅप आणलं. पाहुणा आला की वॉचमन टॅबवर नाव टाकणार, आपल्या फोनवर घंटी वाजणार, आपण ‘येऊ द्या’ दाबलं तर माणूस आत. न दाबलं तर नाही, मग तो साक्षात परमेश्वर का असेना. वॉचमननं गेट सोडून वर यायचं नाही, हा आणखी एक नियम. आमच्या घरचं अ‍ॅप फक्त ह्याच्या फोनवर. माझ्याही फोनवर होतं, पण एका घरात दोघांनी बॅटरी कशाला जाळायची म्हणून त्यानं ते काढलं.

गेल्या दिवाळीत फराळाच्या डब्यांची ये-जा सुरू झाली आणि गेट दिवसभर वाजायला लागलं. संध्याकाळच्या वाचनात ते अ‍ॅप पहिल्या नंबरवर आलं. नुसतं बसून खातंय, असं म्हणून ह्यानं त्याला फोर्स स्टॉप केलं आणि वर बॅकग्राउंडची परवानगीही काढून घेतली. दुसऱ्या दिवशी एक कुरिअर परत गेलं. कुरिअरवाले खोटं बोलतात, येतच नाहीत, असा निकाल ह्यानं दिला. घरात शांतता आहे की नाही, असंही मला दोनदा ऐकवलं.

भाऊबीजेला नेहमीप्रमाणे सदरा चढला. हा सोफ्यावर, फोन शेजारी टीपॉयवर. दुपार टळली, सदरा उतरला. त्या संध्याकाळी बॅटरी इतकी शिल्लक होती की त्यानं मला मुद्दाम बोलावून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी आणायला खाली उतरले तर वॉचमननं थांबवलं. त्याला काहीतरी टोचत होतं. काल एक म्हातारी मावशी आली होती, रिक्षानं, ओवाळणीच्या ताटाची पिशवी होती आणि पंच्यात गुंडाळलेला लाकडी पाट होता, असं तो सांगू लागला. तुमचा फ्लॅट सांगितला. त्यानं टॅबवर नाव टाकलं, पण वरून काही आलं नाही आणि मग स्क्रीन लाल झाली. लाल म्हणजे नाही, असंच त्याला शिकवलेलं. त्यानं तिला सांगितलं की साहेबांनी नाही म्हटलंय. तिनं पुन्हा टाकायला लावलं. पुन्हा लाल. मग ती बाकावर थोडा वेळ बसली, पाट मांडीवर घेऊन, आणि निघून गेली. तिनं फोन का नाही केला, हे मला त्याला विचारायची गरज नव्हती. भावानं दोनदा नाही म्हटल्यावर ती कशाला फोन करेल?

मी भाजी न घेताच वर आले आणि ह्याला सांगितलं. पाट म्हटल्याबरोबर तो उठून उभा राहिला. मग त्यानं काय केलं असेल? फोन उचलून सेटिंग उघडलं. आपण नाही म्हटलं नव्हतं, हे त्याला स्वतःला बघायचं होतं. मी म्हटलं, “अहो, ठेवा ते खाली. आधी वाकोल्याला चला.”

वन्संनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, चहा टाकला. रडारड नाही, भांडण नाही. पाट भिंतीला टेकून उभा होता, पंचा तसाच. हा तोंड उघडेल आणि चुकलो म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ह्यानं फोन काढला. बहिणीच्या शेजारी बसून तिला दाखवू लागला की, हे बघ, हे अ‍ॅप इथं असतं, हे मागच्या मागे चालत राहतं, डोळ्यांना दिसत नाही पण बॅटरी खातं, म्हणून ते मी बंद केलं होतं, तुला नाही म्हटलं नव्हतं. तासभर दिला असता तर डेटा सेव्हरही समजावला असता. इतका मूर्ख माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “जा डोळ्यांसमोर नाय, ता तू बंद करतंस. गावचा घर तसाच बंद केलंस. माका बंद केलंस तर नवल काय?”

ह्यानं सेटिंग बंद करून फोन खिशात ठेवला. निघताना हा पाटापाशी गेला, तो उचलायला खाली वाकला. वन्संनी बसल्या जागेवरून सांगितलं, “ठेय थंय. परत तुझ्या गेटार उभ्या रवाचा नाय माका.”

परत येताना रिक्षातच त्यानं गेटचं अ‍ॅप पुन्हा चालू केलं.

त्या दिवसापासून टेबलावर फोन मांडणं बंद झालं आहे. गेटचं अ‍ॅप दिवसरात्र चालू असतं, सगळ्या परवानग्यांसकट. घंटी वाजली की हा असेल तिथून धावत येतो आणि नाव न वाचताच ‘येऊ द्या’ दाबतो. त्यामुळं गेल्या काही महिन्यांत आमच्या दारात चुकीच्या विंगचा प्लंबर आला, विमा विकणारा आला, कुणाची तरी शिकवणीची बाई आली. प्रत्येकाला हा दार उघडून बघतो आणि पाणी हवंय का विचारतो. बॅटरी दुपारी जेवणापर्यंतही टिकत नाही. चार्जर खिशात घेऊन फिरतो, बाथरूमला जाताना फोन माझ्या हातात देऊन जातो. गावी जाऊन कुलूप काढावं, चतुर्थीला तिथं दिवा लावावा, हे मी त्याला दोनदा सांगितलं. बघू म्हणाला.

घंटी अजून वाजते. वन्संची नसते.