गढगंगेची सहल

डिझेलचा वास आला की मला गढगंगेची ती रंगीत नाव आठवते. माझी दहावीची परीक्षा संपली आणि बाबा म्हणाले, "चलो, गाझियाबादचा कंटाळा आला, गढला जाऊन नावेतून गंगेचे घाट बघून येऊ." डिझेलवर चालणाऱ्या त्या नावेला झालरीचं छत होतं, पाण्यावर ऊन लखलखत होतं, काठावरच्या गावातून कचोऱ्या तळल्याचा वास येत होता. मी फोटो काढला आणि म्हणाले, "नाशिकला आजोबांना पाठवते." तशी आई रडायलाच लागली. बाबांनी पिशवीतून लाल कापडात बांधलेला अस्थींचा छोटा कलश काढला. आजोबा पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशीच गेले होते. माझे पेपर चालू असताना बाबा ऑफिसच्या टूरवर म्हणून गेले होते, ते खरं तर नाशिकला, आजोबांच्या अंत्यसंस्काराला. "पण मला रोज त्यांचे मेसेज यायचे," मी म्हणाले, "पेपर कसा गेला विचारायचे." बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "त्यांचा फोन माझ्याकडे होता बेटा. मीच लिहायचो." कलशाला हात लावायला त्यांनी मला बोलावलं, पण मी जागची हलले नाही. त्यांनी ते माझ्या भल्यासाठीच केलं, हे आता कळतं. तरीही घरून 'सगळं ठीक आहे' असा मेसेज आला की मी लगेच फोन लावते, आणि आई-बाबा दोघांचेही आवाज ऐकल्याशिवाय ठेवत नाही.